बावन्न वर्षांच्यांचं काय

गुरुग्राम, आईच्या तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी

अशोकदादा,

काल सगळ्यांसमोर विचारलंस, "मयुरा, तू नक्की काम काय करतेस?" नेदरलँड्समधल्या एका पेन्शन फंडाच्या सभासदांच्या ईमेलना मी उत्तरं देते. तिथे आजवर सगळ्यांचे पैसे एकाच हंड्यात असायचे. तरुणांच्या भरण्यातून म्हाताऱ्यांना आधार मिळायचा, पुढे या तरुणांना त्यांच्या नंतरच्यांचा. आता कायदा बदललाय. प्रत्येकाचा वेगळा डबा होतोय. त्यात मधल्या वयाचे अडकलेत. त्यांचं देऊन झालंय आणि घ्यायच्या वेळी हंडाच नाही.

परवा बावन्न वर्षांच्या एका बाईंनी लिहिलं, "मग माझं काय?"

मीही बावन्नची. "तू आईचं बघ, पुढे माझी लेक सलोनी तुझं बघेल," असं तूच म्हणाला होतास. आईसाठी मी अ‍ॅमस्टरडॅमची बदली दोनदा नाकारली. काल जेवणं उरकताच म्हणालास, "चलो, आता ज्याचं त्याने बघायचं."

मी "बिल्कुल" म्हणाले. हे पत्रही पाठवणार नाही.

त्या बाईंना मात्र उत्तर पाठवलं, "तुमचं नुकसान होतंय, हे आम्हाला मान्य आहे. भरपाई किती, ते अजून ठरलेलं नाही."

त्यातलं पहिलं वाक्य तू म्हणाला असतास, तरी मला पुरलं असतं.

मयुरा