अक्कांचा थम

४ डिसें., गुरुवार
मारुतीच्या पारावर सकाळपासून म्हाताऱ्यांची गर्दी. एक माणूस आलेला. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात कार्ड, हातात छोटं मशीन. म्हातारपणाचा पगार चालू ठेवायचा तर आधार कार्ड दाखवा आन् हयातीचा थम द्या म्हणे. कानडी, मराठी, उर्दू, तिन्हीत गोड बोलतो.
आमच्या थोरल्या जाऊबाई, अक्का, त्यांचा थम पहिल्या झटक्यात लागला! रेशनच्या मशीनवर जन्मात कधी लागत न्हाई. खुरपं धरून धरून अंगठ्याच्या रेघाच झिजल्यात. तिथं खोबरेल लावा, पदराला घासा, फुंकर मारा, वर दुकानदाराची बोलणी खा. आज काय तो आनंद! ज्यांचे ज्यांचे थम लागत न्हाईत त्या सगळ्या बायकांना अक्कांनी घरोघर जाऊन हाका मारल्या. "या गं, ह्याचं मशीन लई गुणाचं हाय!" त्या माणसाला घरी आणून चहा आन् शेंगा.
माझी मास्तरकीची पेन्शन, माझं काम वेगळ्या ऑफिसात. मी नुसता चहा गाळला.

६ डिसें., शनि.
दुपारी अक्कांच्या फोनवर मेसेज. "वाच गं सुमन." वाचला. खात्यातले पैसे काढले म्हणून. दोनदा वाचला.
"मी तर घरातून हलले न्हाई," अक्का म्हणाल्या. मग आपल्या अंगठ्याकडं बघायला लागल्या. मलाही तेव्हाच उमगलं. आधारचा नंबर आन् थम, दोन्ही त्याच्या हातात आपणच दिलं. खात्यातनं पैसे काढायला दुसरं काय लागतंय?
पैशाचं बोलल्याच न्हाईत. "मीच हाका मारून आणलं की गं सगळ्यांना." एवढंच. जेवल्या न्हाईत. मेल्याच्या मशीनला आग लागो!
सायबरच्या नंबरवर मी फोन लावला, तक्रार लिहून घेतली त्यांनी.

७ डिसें., रवि.
अक्का पहाटेच उठून गल्लीत. ज्या ज्या घरी गुरुवारी गेल्या होत्या त्या त्या घरी परत. निम्म्या बायका कबूलच करीनात. सुना काय म्हणतील, लेक ओरडेल. शेजारची गंगूबाई तर "मी थम दिलाच न्हाई" म्हणून बसली, मी डोळ्यांनी बघितलेलं.
अक्का तिच्या उंबऱ्यावर बसून म्हणाल्या, "लाज आपल्याला कामून? चोरी त्यानं केली, लाजंल तो. ऊठ, लुगडं बदल, उद्या बँकेत जायचंय."
संध्याकाळी रमेशचा फोन. अक्कांचा एकुलता, गुलबर्ग्याला नोकरीत. मीच कळवलं होतं. आईला जे बोलला ते लिहीत न्हाई. काळजीपोटीच बोलला, पण बोलला.

८ डिसें., सोम.
जीप भरून बसवकल्याणला. एकेकीच्या नातवाचं लग्न असल्यागत थाट! बँकेतली मॅडम कानडी, तरुण, भली. वेळेवर आलात म्हणाली. तक्रारी घेतल्या. पैसे परत येतील का, ते मात्र "बघू, वर पाठवते."
मग सगळ्यांच्या आधारच्या थमाला कुलूप लावून दिलं. आता कुठं थम द्यायचा तर आधी आपल्या फोनवर आकडा येणार, तो घातला की कुलूप निघणार, काम झालं की परत बंद. अक्कांना हे लगेच कळलं. "म्हणजे फोन ही किल्ली," म्हणाल्या.
येताना फोन पिशवीत न्हाई, कमरेला खोचलेला. धान्याच्या खोलीची किल्ली जिथं असते तिथंच. गंगूबाई जीपमध्ये म्हणाली, "माझेबी गेलेत गं." सगळ्या हसल्या, तीपण. भजी खाल्ली. मला लई दिवसांनी बरं वाटलं.

१२ डिसें., शुक्र.
रमेशचा परत फोन. आता त्याचं पक्कं. आईचा नंबर काढून बँकेला, आधारला सगळीकडं स्वतःचा लावायचा. "मेसेज मला येतील, काकू. तिला काय कळतंय त्यातलं? तिनं आरामात राहावं."
अक्कांनी ऐकलं. जात्यावरची धूळ पुसत बसल्या, जातं वापरात न्हाई तरी.
रात्री विचारलं तर म्हणाल्या, "चहापत्ती आणायला पोराला फोन करून विचारू का मी आता?" सासरे गेल्यावर दोन एकर शेती ह्याच बाईनं केली. माझ्या बाळंतपणाचा डिंकसुद्धा हिच्याच पैशाचा. मला रमेशचा राग आला, खरं सांगते.

१९ डिसें., शुक्र. येळ अमावस्या
शेतात. पूजा झाली, तिथंच पंगत. भज्जीची मिसळ भाजी, आंबिल, बाजरीचे उंडे. जवारी कमरेएवढी. रमेश, सून, नातवंडं सगळे आलेले. चोरीचा विषय कुणी काढला न्हाई. रमेश तीनदा भज्जी मागून जेवला. आईच्या हातचं आंबिल पीत म्हणाला, "उद्या आधार सेंटरला जाऊ, मी सुट्टी टाकलीय." अक्का म्हणाल्या, "जाऊ की."

२० डिसें., शनि.
बसवकल्याण. रमेश, अक्का, मी. सेंटरमध्ये रमेशनं आपला नंबर सांगितला. मशीनवाला म्हणाला, "अज्जी, बेरळ इडी."
थम ठेवा म्हणतोय. अक्कांनी हात पदरात घेतला आन् कानडीतच विचारलं, कशासाठी? त्यानं सांगितलं, नंबर बदलायला. "कुणाचा नंबर?" तुमच्या लेकाचा.
"न्हाई द्यायचा."
रमेश लाल झाला. "आई, मी काय चोर हाय का?"
"चोर न्हाईस रे. पण घर माझं हाय, किल्ली माझ्याकडं राहू दे."
मागं रांग. लोक बघायलेत. रमेश माझ्याकडं बघून, "काकू, तुम्ही तर सांगा." मी म्हटलं, "तुझ्या आईनं सांगितलंय की."
घरी येऊन रमेश जेवलासुद्धा न्हाई, सामान भरलं. निघताना अक्कांच्या पाया पडला, पण तोंड तिकडं करून.

२५ डिसें., गुरु.
बँकेतून काही कळलं न्हाई. अक्का मजेत. काल रेशनवर थमाऐवजी फोनवर आलेला आकडा स्वतः एकेक करून वाचून दाखवला, दुकानदार तोंड बघत राहिला. गल्लीतल्या बायकांचा दुपारी आमच्या ओसरीवर अड्डा, कुणाला कसला फोन आला ते एकमेकींना सांगायलेत आन् हसायलेत.
रमेशचा पाच दिवसांत फोन न्हाई. आज अक्कांनीच लावला. उचलला त्यानं. पोरांचं, थंडीचं बोलणं झालं. मग म्हणाला, संक्रांतीला येतो, तेव्हा नंबरचं नीट बोलू.
अक्का म्हणाल्या, "ये की. जेवायला ये, राहायला ये. थम मागायला येऊ नको."
तो काय म्हणाला ते मला ऐकू आलं न्हाई. अक्कांनी फोन बंद केला, कमरेला खोचला. मी विचारलं, काय म्हणाला?
"बघू म्हणाला," म्हणाल्या, आन् तीळ निवडायला बसल्या.