हवेत गेलेलं वाक्य

६ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

मी आणि सासूबाई ठीक आहोत. रेडिओ केंद्राचं मात्र विचारू नकोस. जनरेटर चालला की ट्रान्समीटर तापतो, तो सावरला की वाऱ्याने खांबाची तार सैल होते. एका हाताने बटणं, दुसऱ्या हाताने पंखा आणि तोंडाने सरोवरावरच्या होडीवाल्यांना हवामान. परवा बातम्या वाचताना ठसका लागला, तर एक होडीवाला खोकल्याचं औषध घेऊन टेकडी चढून आला.

हे ट्रान्समीटरचा नवा व्हॉल्व्ह आणायला तुझ्याच शहरात गेलेत. निरोप नाही. दुकानदार तुझ्या ओळखीचा आहे, जरा चौकशी कर. तुझ्याकडेच जेवणं झोडत बसले असतील तर लगेच पिटाळ.

वहिनींना नमस्कार. लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी बबडी

१४ मार्च

चि. बबडीस,
अनेक आशीर्वाद.

दुकानात जाऊन आलो. जावई तिथे फिरकलेच नाहीत, असं मालक म्हणाले. दवाखान्यांतही विचारलं. माझा जीव थाऱ्यावर नाही. आईला अजून काही बोललो नाही. व्हॉल्व्ह मीच घेऊन पाठवतोय. जनरेटरला ओले हात लावू नकोस; लहानपणी इस्त्रीशी केलेला पराक्रम आठव.

खुशाली लगेच कळव.

दादा

१९ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र काल आलं, पण त्याच्या आदल्या दिवशीच मला कळलं होतं. कसं, ते लिहिते.

सकाळपासून प्रसारण बंद होतं. मी खाली शेडमध्ये जनरेटरचा पट्टा बसवत होते. आवाज परत आला की कळावं म्हणून छोटा रेडिओ शेजारी लावून ठेवला होता. वर स्टुडिओत सासूबाई टपालवाल्या मावशींशी बोलत बसल्या होत्या. मायक्रोफोन उघडाच राहिला होता. सगळंच बंद, मग तो बंद करायला कोण जातंय. पट्टा बसला, जनरेटरने जीव धरला आणि रेडिओतून सासूबाई बोलू लागल्या. माझ्या मुलाच्या पत्राची वाट बघू नका, असं त्या मावशींना सांगत होत्या. तो सामान आणायला गेलेलाच नाही, त्याने दुसरीकडे संसार मांडलाय, जाताना त्यांच्या एकट्यांच्या कानावर घालून गेला, आणि सुनेला कोणत्या तोंडाने सांगावं ते त्यांना कळत नाही.

मी रेडिओकडे बघत राहिले. तो बंद करावा हेसुद्धा सुचलं नाही. सरोवरावरच्या प्रत्येक होडीत ते वाक्य गेलं. लोकांना आणि मला एकाच वेळी कळलं, दादा.

वर गेले. सासूबाईंना काहीच पत्ता नव्हता. माझा चेहरा बघून त्यांनी घाबरून विचारलं, विजेचा झटका बसला का. मी हो म्हटलं.

बबडी

२६ मार्च

चि. बबडीस,
अ. आ.

पत्र वाचलं. आईला सांगितलं, ती तेव्हापासून तुझी खोली आवरतेय. सामान बांधून ठेव, मी न्यायला येतो. केंद्र गेलं खड्ड्यात.

दादा

४ एप्रिल

श्री. दादा यांस,
स. न. वि. वि.

ती लिहायला बसत नाही, म्हणून मी लिहिते. तुमचा व्हॉल्व्ह बसला. येण्याची घाई करू नका, असं तिनेच कळवायला सांगितलंय. माईक उघडा होता, हे मला होडीवाल्यांकडून कळलं. माझं तोंड मी हवं तिथे मिटलं आणि नको तिथे उघडलं. त्याबद्दल ती मला एक शब्द बोललेली नाही. बोलली असती तर बरं वाटलं असतं.

काल तो आला. त्याला फक्त त्याची पेटी हवी होती. तिचं हवामान चालू होतं, म्हणून मी त्याला बाहेर बसायला सांगितलं. पण तिने काचेतून त्याला पाहिलं. वाक्य मध्येच तुटलं. सगळ्या सरोवरावर तेवढा वेळ नुसती शांतता गेली असेल. मग तिने ते वाक्य पहिल्यापासून वाचलं, की उत्तरेकडून जोराचा वारा सुटतोय, होड्या किनाऱ्याला घ्या. तो पेटी घेऊन गेला. तिने पुन्हा मान वर केली नाही.

संध्याकाळी वारा फार होता. होड्या सगळ्या परत आल्या.

तिच्यावरचा लोभ आहेच. त्यातला थोडा माझ्यासाठीही ठेवा.

तुमच्या बहिणीची सासू