नवरदेवासमोरची फुटकी फळी

१५ ऑक्टोबर १९५६, सोमवार

शाहपूरचे पाटील येऊन गेले. माघात मुलाचं लग्न, वरातीला आपली मोटार पाहिजे. बत्त्या बघितल्या, गाद्या दाबून बघितल्या, खूश होते. मग पुढचं दार उघडलं आणि चेहरा उतरला. "मास्तर, नवरदेव इथंच बसीन ना? आन् त्याच्या समोरच ही फुटेल फळी? नई बाप्पा. बाया काय म्हणतीन?"

डॅशबोर्डची फळी मधल्या काट्यापासून डाव्या टोकापर्यंत उललेली. करंगळीचं नख सहज आत जातं. वर रंगाचे पोपडे.

पाटील दिवाळीनंतर परत येणार. नीट झाली असली तर ठीक, नाहीतर खंडव्याहून दुसरी मोटार सांगणार.

नेमकं आजच खंडव्याहून दादाचं पत्र. "अण्णांना दिसत नाही, तू शाळामास्तर, ती गाडी ठेवून करायचं काय? भंगारवाला बघितला आहे. भाऊबीजेला येतो, तेव्हा निकाल लावू." म्हणजे पाटलांचं लग्न मिळालं तर गाडी राहील. नाही मिळालं तर दादाचं खरं होणार. लहानपणापासून दादाचंच खरं होत आलंय. या वेळी नाही होऊ देणार.

१७ ऑक्टो., बुध.

सकाळी अण्णा नेहमीप्रमाणे तासभर मोटारीत बसले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, दोन वर्षं गाडी चालवली नाही. सुट्टीच्या दिवशी मी चालवतो. पण रोज आंघोळ झाली की आधी डॅशबोर्डवरच्या पितळी मारुतीला तेल-शेंदूर, मग हातात चाक धरून स्वस्थ. खंडव्याच्या डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलंय, पण विषय काढला की एकच उत्तर. "डोळ्यात सुरी घालू देणार नई."

गाडी गेली तर वडिलांनी सकाळी बसायचं कुठं? मला याचीच भीती वाटते. दादाला पत्रात हे लिहायला घेतलं, लिहिता आलं नाही.

बुधवारा पेठेतल्या सुताराकडे गेलो. म्हणे अख्खी फळीच नवी करा, सागवानी. आकडा ऐकला आणि नमस्कार करून निघालो. अठरा वर्षं पोरांना ड्रॉइंग शिकवतोय, एक फळी रंगवता येऊ नये?

२१ ऑक्टो., रवि.

फळी उतरवली. मागे तारांचं जंजाळ. सौ.ने जुन्या लुगड्याच्या काठाचे रंगीत धागे काढून दिले, एकेका तारेला एकेक बांधला आणि चित्र काढून ठेवलं. चिरेतला मळ तिच्या केसांच्या आकड्याने उकरला. आकडा वाकला. दुसरा मागितला, मिळाला नाही.

अण्णा शेजाऱ्यांबरोबर तापीवर गेले होते. तेवढ्यात मारुती सोडवून घेतला. खाली शेंदराचं बोटभर पूट. तेही खरवडून सपाट केलं.

आणि मला एक नामी युक्ती सुचली. फळी घासताना पडलेला सगळा भुगा कागदावर गोळा केला. त्याच लाकडाचा भुगा सुतारी सरसात कालवून चिरेत भरला की रंगात रंग मिळून जाणार. फुकटात. स्वतःवरच खूश होतो.

२२ ऑक्टो., सोम.

चीर भरली. फळी सुंभाने आवळून बांधली, वर पाटा ठेवला दाबायला. सौ.ला चटणी वाटायची होती. म्हटलं दोन दिवस चटणी नाही. "मंग मोटारच वाढते ताटात," म्हणाली.

२४ ऑक्टो., बुध.

वाळेना. अंगठ्याने दाबलं तर शिरा. वर तांबूस झाक. बराच वेळ कळेना, मग डोक्यात उजेड पडला. वीस वर्षांचं तेल! शेंदराखालचं लाकूड तेल पिऊन बसलेलं, आणि तोच तेलकट भुगा, वर खरवडलेला शेंदूर, सगळं मी सरसात घातलं. धरणार कसं?

अण्णा चाचपत आले. चिरेवरून बोट फिरवलं, नाकाला लावलं.

"शेंदूर हाय हा."

खोटं बोलता आलं नाही. भुगा कालवला म्हणून सांगितलं.

"कशात कालवला?"

"सरसात."

"सरस कायचा राह्यतो रे?"

सरस कातड्याचा असतो हे काय मला माहीत नाही? पण ध्यानातच आलं नव्हतं. देवाचा शेंदूर तापीत सोडायचा असतो, मी तो कातड्याच्या खळीत घोटून वर पाट्याखाली दाबला. अण्णा चाचपत ओट्यावर निघून गेले. ओरडले असते तर बरं झालं असतं.

२५ ऑक्टो., गुरु.

अण्णा आज मोटारीत बसले नाहीत. फळीच नाही, देव नाही, बसणार कशाला! ओट्यावर होते. जेवताना माझ्याशी एक शब्द नाही, सौ.शी मात्र केळ्याच्या भावावर गप्पा.

चीर पुन्हा उकरली. आतलं सगळं काढलं, अगदी कणन् कण. आता ती पहिल्यापेक्षा रुंद दिसते. शरम वाटते, पण सोडणार नाही.

२६ ऑक्टो., शुक्र.

उकरलेलं सगळं फडक्यात बांधून तापीवर निघालो. दाराशी अण्णा काठी घेऊन उभे. "चाल." बस्स, एवढंच. पाण्यात मात्र पुडकं त्यांनीच सोडलं.

२८ ऑक्टो., रवि.

रॉकेलने पुसलं, चुना लावला, मुलतानी माती लावली. तेल वर येतंच आहे. कोपऱ्यात रंगाचा हात देऊन बघितला तर छान बसला. मध्ये दिला तर पाण्यावरच्या तवंगासारखा गोळा होऊन सरकला.

संध्याकाळी सौ. निरोप घेऊन आली. अण्णा शेजारच्याच खोलीत, मला ऐकू जाईल अशा आवाजात तिला सांगत होते. "त्याला सांग, आधी चपडा लाव. तेल आत बंद होतं. लाखेच्या बांगड्यावाले काय करतात, पाह्यलं नई का त्यानं?"

अठरा वर्षं ड्रॉइंग मास्तर!

३० ऑक्टो., मंगळ.

चपडी लाख स्पिरिटमध्ये विरघळवून तीन हात दिले. तेल थांबलं. खरंच थांबलं! चिरेत या वेळी वखारीतला कोरा भुगा, तोही लाखेतच कालवलेला. पाटा पुन्हा आणला. सौ.ने चटणी खलबत्त्यात कुटली.

१ नोव्हें., गुरु.

चीर दगडासारखी घट्ट. काचपेपरने घासली. डोळे मिटून हात फिरवला, जोड लागला नाही.

आजपासून आपलं राज्य नवं, राजधानी भोपाळ. काल नागपूर होती. रस्त्यात हेडमास्तर भेटले, म्हणाले आता मराठी वर्गांचं काय करतात बघायचं. अण्णांना हे सांगितलं. त्यांना दुसरीच काळजी. "मंग मोटारीचा नंबर बदलावा लागीन का?" आठवड्यानंतर माझ्याशी बोललेलं पहिलं सरळ वाक्य. मी म्हटलं, विचारून येतो. कुठं विचारायचं ते अजून कोणालाच ठाऊक नाही.

३ नोव्हें., शनि.

रंग. तळाला पिवळसर, वर तपकिरी पातळ. ओला असतानाच फणी ओढली, लाकडाच्या रेषा उठल्या. एके ठिकाणी गाठ काढली, अशी काही जमली की मलाच खरी वाटली. फणी सौ.ची होती. "आता मी मोटारीनं इंचरू का?" नवी आणून दिली. जुनी आता माझी.

५ नोव्हें., सोम. भाऊबीज

दादा आला. चहा व्हायच्या आधी फळी बघायला गेला. नखाने चीर शोधत होता, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मिळाली नाही. मी दारात उभा राहून बघत होतो, आणि फार बरं वाटलं, इथं लिहायला काय हरकत?

"बरी झालीय. पण चालवणार कोण?"

"मी."

"वर्गात पोरं कोण चालवणार?" हसला. पण पाटलांचं उत्तर येईपर्यंत थांबायला तयार झाला. भंगारवाल्याला तसं कळवतो म्हणाला.

९ नोव्हें., शुक्र.

फळी बसवली. धाग्यांप्रमाणे तारा जोडल्या, सगळं चाललं, फक्त भोंगा दाबला की आतला दिवा लागतो. पुन्हा उघडलं, सुधारलं. मारुती अण्णांनी स्वतः बसवला. खाली पत्र्याची चकती मागून घेतली, तेल लाकडाला लागू नये म्हणून. मी सुचवलं नव्हतं.

११ नोव्हें., रवि.

पाटील आले. दार उघडलं, वाकून बघितलं, हात फिरवला. "नवी घातली का?"

"तीच आहे."

"वा, मास्तर!" मांडीवर थाप मारली. मोटार पक्की. मी मनात दादाला पत्र लिहायलाही लागलो होतो.

मग पाटील ओट्याकडे वळले. "अण्णा, माह्या लग्नात तुम्हीच होते गाडीवर. आता पोराच्या वरातीलेबी तुम्हीच पाह्यजे. दुसऱ्या कोणाच्या हाती नई बसवणार मी त्याले."

मी घाईने म्हटलं, पाटील, गाडी मीच... अण्णांनी हात वर करून मला थांबवलं.

"येतोच समजा," ते म्हणाले. पाटलांचा आवाज जिकडून येत होता त्याच्या थोडं डावीकडे बघत.

अण्णांना दिसत नाही हे पाटलांना कळलं नाही. ते खुशीत गेले. मी सांगायला हवं होतं. मागोमाग कोपऱ्यापर्यंत गेलोही, आणि परत आलो.

१२ नोव्हें., सोम.

दादाला पत्र लिहिलं नाही. पाटलांनाही नाही. शाळेत तिसरीच्या पोरांवर उगाच ओरडलो.

घरी आलो तर अण्णा मोटारीत. कधी नव्हे ते दुपारचे बसलेले. मी शेजारी जाऊन बसलो. बराच वेळ फळीवरून हात फिरवत होते. मला वाटलं चीर शोधताहेत, आता शाबासकी येणार.

"माघाले किती दिवस हायेत?"

"अडीच महिने."

चाक एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. मग समोर बघतच विचारलं, "डोळे कापल्यावर दवाखान्यात किती दिवस पाडून ठेवतात रे?"

"आठ," म्हटलं. मला काहीच माहीत नव्हतं.