सव्वाअकराचा फोन

चि. धाकटीस,

मी, तुझा थोरला भाऊ, वय वर्षे पंचावन्न, वाणिज्य शाखेचा पदवीधर, मालवाहतूक कंपनीत वेळापत्रक विभागाचा प्रमुख, सध्या वैद्यकीय रजेवर, हे पत्र व्यसनमुक्ती केंद्रातून लिहीत आहे. एक चूक दुरुस्त करणे हा पत्राचा उद्देश आहे. आधी खुशाली लिहितो.

येथे येऊन सदतीस दिवस झाले. प्रकृती ठीक आहे. हात अजून कापतो, म्हणून अक्षर असे आले आहे. घेऊन लिहायला बसलो असा समज करून घेऊ नकोस. खोलीत चार खाटा आणि एक खिडकी आहे. खिडकीतून समोरच्या गोदामाची भिंत दिसते. सकाळची घंटा तीन मिनिटे उशिरा वाजते, हे मी दुसऱ्याच दिवशी कार्यालयाला लेखी कळवले. तेव्हापासून सगळे मला ‘घड्याळ’ म्हणतात.

रविवारी नातेवाईक भेटायला येतात. पहिले चार रविवार मी इस्त्रीचा सदरा घालून खाटेवर बसून राहिलो. मी कोणालाच कळवले नव्हते, त्यामुळे कोणी येण्याचा प्रश्नच नव्हता. तरी सदरा घातला. पाचव्या रविवारी शेजारच्या खाटेवरचा बेकरीवाला म्हणाला, “अहो घड्याळ, त्या भिंतीकडे काय बघताय? ती काही तुम्हाला भेटायला येणार नाही. चला बाहेर.” बाहेर बाकावर त्याची बायको होती. तिने हळूच विचारले, “यांचं कोणी नाही आलं?”

“आलंय की,” तो म्हणाला, “आपण आलोय.”

तिने सफरचंदाची फोड माझ्या हातावर ठेवली. मी ती तेथेच उभ्याने खाल्ली.

येथे रोज सकाळी सगळे गोल करून बसतात आणि एकेकाने आपले सांगायचे असते. मी महिनाभर क्रमवार सांगितले: पिणे कोणत्या वर्षी सुरू झाले, कसे वाढत गेले, दोन ट्रक मी एकाच वेळी एकाच फाटकावर लावले तेव्हा साहेबांनी येथे कसे धाडले. एकदा बेकरीवाला म्हणाला, “सगळं सांगता हो, पण त्यात माणूसच नाही. तुमच्यापायी एक तरी माणूस दुखावलं असेल की नाही?” मी ‘नाही’ म्हणालो. त्या दिवशी मला जेवण गेले नाही.

परवा मी तुझ्याविषयी बोललो. वर ‘चूक’ असा शब्द लिहिला आहे. ती चूक नव्हती.

बाबा गेले त्या दिवशी तुझा फोन सकाळी सव्वाअकराला आला. “दादा, लगेच ये, बाबा तुलाच विचारताहेत,” असे तू म्हणालीस. पावणेबाराला मी दवाखान्याच्या फाटकाशी होतो. बाबांना तशा अवस्थेत पाहण्याचा धीर होईना, म्हणून समोरच्या बारमध्ये फक्त एक घ्यायची असे ठरवून बसलो. त्या टेबलावरून त्यांच्या मजल्याच्या खिडक्या दिसत होत्या. तुझे पुढचे पाचही फोन मी वाजू दिले. बाबा तीन वाजून दहा मिनिटांनी गेले. मी चारला वर आलो. काकांनी विचारले, “अरे, होतास कुठे?” मी म्हणालो, “मला फोनच साडेतीनला आला.”

कोणालाही शंका आली नाही. मी साडेतीन म्हटले म्हणजे साडेतीनच. काका सगळ्यांदेखत तुला म्हणाले, “बापाला शेवटी मुलाचं तोंडसुद्धा बघू दिलं नाहीस.” तू माझ्या अगदी जवळ उभी होतीस. माझ्या तोंडाचा वास तुला आला असणारच. तू माझ्याकडे पाहिलेस आणि मला वाचवण्यासाठी गप्प राहिलीस. पुढची चार वर्षे मी तुला गप्पच राहू दिले. काकांकडच्या दोन्ही लग्नांचे बोलावणे तुला गेले नाही. मी दोन्हीकडे वेळेवर हजर होतो.

हे सांगून झाल्यावर मला वाटले, कोणी पाठीवर हात ठेवील. बेकरीवाला म्हणाला, “पण हे आम्हाला सांगून काय उपयोग? आम्ही कुठं तिच्याशी बोलणं टाकलंय?”

आज सकाळी मी येथल्या कार्यालयातून काकांना फोन केला. मी मधेच पळू नये म्हणून बेकरीवाला दार अडवून उभा होता. सगळे सांगितले. काकांनी तुझ्या फोनची वेळ दोनदा विचारून घेतली. मग म्हणाले, “चार वर्षं त्या पोरीला मी दारात उभं केलं नाही रे,” आणि फोन ठेवला. ते तुझ्याकडे येतील की नाही, हे मला सांगता येत नाही. मावशीला आणि इतर सर्वांना आजच्याच टपालाने हाच मजकूर जात आहे.

बाबा माझ्याविषयी काय विचारत होते, हे मी तुला कधी विचारले नाही. फोन वेळेवर आलाच नाही असे सांगून बसलेल्या माणसाला ते विचारण्याची सोय नव्हती. आजही विचारत नाही. तेथे तू होतीस. ते तुझे आहे.

हे पत्र कोणालाही दाखवण्यास माझी हरकत नाही, म्हणून खाली पूर्ण सही केली आहे.

(सही)
तुझा दादा
खोली क्रमांक सहा, तळमजला
शनिवार, दि. ९ मार्च