गोळीचा उपास

१२ ऑक्टोबर १९९८, सोमवार

पांढऱ्या शेवंतीच्या पाटीत आज पिवळी! आणि चूक कोणाची, तर मालनमावशीची. मखमलाबादेत सगळा जन्म फुलांत गेलेली बाई. (गावोगाव भटकताना मी तिच्या मळ्यावर एक रात्र झोपायला आलो होतो, त्याला सहा महिने झाले.) बाजारात व्यापारी म्हणाला, "मावशी, डोळे घरी ठेवलेत का?" तर म्हणते, "मला समदंच पिवळं दिसतंय." मी हसलो. नव्हतं हसायचं.

१३ ऑक्टोबर

सकाळपासून उलट्या. नाडी धरली — दोन ठोके, मग गप्प, मग तीन पळत सुटलेले. शेजारच्या खंडेरावनं फुलं उतरवली आणि टेम्पोतून थेट दवाखान्यात नेलं. भला माणूस!

१४ ऑक्टोबर

डॉक्टरीणबाईंनी पाकिटातल्या उरलेल्या गोळ्या मोजल्या आणि कपाळाला हात लावला. हृदयाची गोळी पाच दिवस, शनिवार-रविवार सुट्टी, असं सांगितलेलं. मावशी म्हणते, "म्हंजी उपासच की! उपास सोडताना माणूस जास्तच खातो. सोमवारी दोन, मंगळवारी दोन." तीन आठवडे असंच चाललेलं!

बाई म्हणाल्या, "जास्तीच्या गोळीनं ठोके बिघडले, पण ती एकट्या हृदयावर काम करत नाही. मेंदूतही गडबड करते. तिथली रसायनं नसांवाटे हृदयाला आणखी भडकवतात. घाबरल्या तर जास्तच. त्यांना घाबरू द्यायचं नाही."

मला वाटायचं, हृदय आपलं आपण चालतं. आठवीत शाळा सोडली — हा धडा नववीत असणार.

१५ ऑक्टोबर

दिवसभर बोलत बसलो. येवल्याचे माग, घोटीचा भात, नामपूरला कांद्याच्या ढिगावर लागलेली झोप — माझं बोलणं भलतीकडेच जातं, पण आज कोणी टोकलं नाही. मशीनवरची रेघ उड्या मारायची कमी झाली. "मुडद्या, हसवून मारशील!" मावशी. नर्स मीनाताई म्हणाल्या, "बोलत राहा. फक्त पलंगावरून उठा."

१७ ऑक्टोबर

ठोके सारखे! पांढरी चादर पांढरी दिसते म्हणाली. डॉक्टरीणबाईंच्या पाया पडायला गेलो, तर ओरडल्या.

२० ऑक्टोबर

घरी. हार गुंफताना मावशी मान खाली घालून म्हणाली, "उपासाचं खरं हाय, पण दोन दिवसांचं भरून काढायची घाई व्हती. लवकर बरी झाले असते, तर तुला जाता आलं असतं. माझ्या दुखण्यापायी अडकलास."

जायचं मी केव्हाच विसरलो होतो. तिला तेवढं सांगायचं राहिलं.