गेट उघडलं

१४ सप्टेंबर, रविवार

१. बॅरेजच्या खालच्या डोहात आमच्या कॉलेज प्रोजेक्टच्या छोट्या बोटीची चाचणी होती. टीममधले आम्ही तिघंच गेलो — हरिओम, लुंबिनी आणि मी.
२. हरिओम लाल कॅन धरून आणि लुंबिनी हिरवा कॅन धरून कमरेएवढ्या पाण्यात उभे होते. मी वर काठावर, लॅपटॉपपाशी.
३. बॅरेजवरचे राखणदार भुजंग मामा यांचा फोन आला. “ताई, गेट उघडून राहिले. पोरान्ला भाईर काढा.” मी म्हणाले, “बरं मामा.”
४. मी वॉकी-टॉकीवर सांगितलं, “गेट उघडलं.”
५. दोघं जागचे हलले नाहीत.
६. पाणी आलं.
७. लुंबिनी बाभळीला धरून वर आली. हरिओम पुढच्या वळणावर दगडांत सापडला. श्वास चालू होता. डोक्याला मार.
८. तो नांदेडला आयसीयूत आहे. शुद्ध नाही.
९. बोट सापडलेली नाही.

एवढंच झालं. एवढंच लिहायला तीन पानं फाडली.

१५ सप्टेंबर

पाचवा मुद्दा नीट लिहायला हवा.

दोन कॅनच्या मधली वाट म्हणजे आमचं ‘गेट’. बोटीवरचा कॅमेरा लाल आणि हिरवा रंग शोधतो आणि बोट आपली आपण मधून जाते. कोणी चालवत नाही. कॅनला विटा बांधून सोडले तर गाळावर विटा घसरतात, म्हणून माणसं धरून उभी राहतात. माणूस हलला की कॅन हलतो, कॅन हलला की बोट चुकते. म्हणून नियम — “गेट उघडलं” म्हणजे बोट सोडली. “गेट बंद” ऐकू येईपर्यंत जागेवरून हलायचं नाही.

नियम माझा. शब्दही माझे. सुरुवातीला वॉकी-टॉकीवर सगळे एकदम बोलायचे, हरिओम तर मध्येच लग्नातल्या सनईचा आवाज काढायचा. मी बजावलं, दोन शब्दांच्या वर कोणी बोलायचं नाही. लुंबिनी म्हणाली होती, “कलेक्टरीणबाई, शिंक आली तर?” हरिओम म्हणाला, “तीन दिवस आधी अर्ज करायचा.”

मामांनी सांगितलं ते मी पुढे दिलं. शब्दाला शब्द. त्यांनी सांगितलं तेव्हा त्याचा अर्थ होता — पळा. माझ्या तोंडून गेलं तेव्हा त्याचा अर्थ झाला — हलू नका.

“पाणी येतंय, बाहेर या!” लहान मुलालाही सुचलं असतं.

लुंबिनी आज खोलीवर आली. हाताला प्लास्टर. रडत नव्हती, नुसती बोलत होती. “तू गेट उघडलं म्हणालीस, आम्ही ताठ उभे. मी तर श्वास रोखला होता गं. आणि नेमकं तेव्हाच पाणी! काय योग म्हणायचा!”

योग. फोन आला होता हे तिला माहीत नाही. मी वॉकी-टॉकीवर काय बोलले ते मामांना माहीत नाही. दोन्ही गोष्टी फक्त मला माहीत आहेत.

आईचा जळकोटहून फोन. “पेपरात तुमच्या कॉलेजचं आलंय म्हणे. तू पाण्यात नव्हतीस ना?” म्हटलं, नव्हते. खोटं नाही ते.

१६ सप्टेंबर

चौकशी समिती. टेबलामागे तिघं. आत जाण्याआधी आमचे गाइड सर दाराशी हळूच म्हणाले, “विचारलं तेवढंच सांगायचं. आगाऊपणा नको.”

प्रश्न आला — बॅरेजवरून फोन आला होता का? आला होता. काय म्हणाले ते?

“आवाज तुटत होता. काही कळलं नाही.”

आधीपासून ठरवलं नव्हतं. शपथेवर सांगते, नव्हतं! पण वाक्य असं सरळ बाहेर पडलं की जणू पाठ केलं होतं. मधल्या मॅडम लगेच म्हणाल्या, “हो, त्या बाजूला रेंजच नसते.” त्यांनीच पुढचं पूर्ण केलं. मी मान हलवली.

बाहेर आल्यावर सर म्हणाले, “शाब्बास.”

१७ सप्टेंबर

मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन. “सावधान” म्हटल्यावर अख्खं मैदान ताठ. पुढे, मागे, दोन्ही बाजूंना — कोणी हलेना. मला वाटलं, ओरडावं. तोंडात पदर कोंबतात तसा रुमाल कोंबून उभी राहिले.

१९ सप्टेंबर

दवाखान्यात गेले. न जाणं जास्त दिसलं असतं.

हरिओमची आई, साखराबाई, लोह्याकडच्या खेड्यातून आल्या आहेत. आयसीयूच्या बाहेर फरशीवर चटई टाकून राहतात. मला ओळखत नव्हत्या. नाव सांगितलं तर एकदम उठल्या. “आगं माय, तूच का राजकन्या! हरी म्हनायचा, ती लई कडक हाय, हसायचे बी पैसे घेते.” आणि हसल्या. मग हसता हसता पदर डोळ्यांना.

जबरदस्तीनं दशमी खायला लावली. “डाक्टर म्हनला, टायमावर आनलं म्हून वाचला. गाडी तूच बोलावलीस न्हवं? तुज्यामुळं माझं लेकरू हाय बाई.”

त्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बसता आलं असतं.

काचेतून हरिओम दिसला. तोंडात नळी. छाती ठरावीक वेळानं वर होते, खाली जाते. मशीन करतं ते.

तो शुद्धीवर यावा असं वाटतं. तो शुद्धीवर येऊन बोलेल अशी भीतीही वाटते. दोन्ही एकाच मनात. पहिलं जास्त आहे हे मी छातीठोक सांगू शकत नाही. हे वाक्य खोडणार होते. राहू दे.

२१ सप्टेंबर

बोट सापडली. खाली दोन गावं सोडून, काटेरी झुडपांत. पुढचा भाग फुटलाय, आतला सर्किटचा डबा कोरडा. कॅमेऱ्याचं कार्ड काढून खोलीत एकटीनं बघितलं.

आवाज नाही. नुसतं चित्र. हरिओम आणि लुंबिनी, मधली वाट, तिच्याभोवती कॅमेऱ्यानं काढलेली हिरवी चौकट — गेट ओळखलं. पाण्याचा रंग बदलतो. मातकट होतं. लुंबिनी खाली बघते, मग हरिओमकडे बघते. दोघं हलत नाहीत. पाणी कमरेवरून छातीवर येतं. हरिओम कॅन डोक्यावर धरतो — कॅन सरळ राहावा म्हणून! मग दोघंही चौकटीबाहेर.

लाल कॅन वाहत चालला. बोट त्याच्या मागे वळली. तिला तेच शिकवलं होतं. ती त्याच्या मागे मागे गेली, चौकट काढत, हरवली की पुन्हा काढत.

पण बोट सुटलीच कशी? मी तर सोडली नव्हती. बोटीचा लॉग, सेकंदासेकंदाची नोंद, उघडला. मी वॉकी-टॉकीवर बोलले त्याच सेकंदाला लॅपटॉपवरून ‘सुरू’ गेलंय. मला आठवत नाही. बटण दाबल्याचं अजिबात आठवत नाही. शब्द तोंडातून गेले आणि बोटानं आपलं काम केलं. म्हणजे माझ्याही कानांना तो इशारा वाटलाच नाही! मीसुद्धा हुकूमच ऐकला.

लॅपटॉप मिटला.

२२ सप्टेंबर

फोन सायलेंटवर. पालथा ठेवला तरी थरथरतो. भुजंग मामांचे सहा मिस्ड कॉल. उचलला नाही.

२३ सप्टेंबर

लुंबिनीकडून कळलं — भुजंग मामांना कामावरून काढलं. ते कंत्राटदाराकडे रोजंदारीवर आहेत. कॉलेजचा अहवाल तिकडे गेला: फोनचा आवाज तुटत होता, इशारा वेळेवर मिळाला नाही. पोलिसांनीही एकदा बोलावून नेलं. लोक आता म्हणतायत, पिऊन होता.

लुंबिनी चिडली होती. “खाली येऊन एक शिट्टी मारली असती तर? एवढंच तर काम होतं त्याचं. हरिओम त्याला मामा मामा म्हणून चहा पाजत होता!”

मी म्हटलं, “हूं.”

‘हूं’ हासुद्धा जबाबच झाला.

मी कायदा वाचून बघितला. निष्काळजीपणा, खोटी माहिती. कुठलं कलम मला लागू होतं ते कळत नाही, कळतं तेवढं पुरे आहे. शेवटचं वर्ष. गुन्हा दाखल झाला तर पासपोर्ट नाही, नोकरी नाही. आई-आप्पांना कळेल. आप्पा म्हणतील, चल घरी. एवढंच म्हणतील. त्याचीच जास्त भीती.

२५ सप्टेंबर

हरिओमनं डोळे उघडले! नळी काढली. साखराबाई नवरात्राचे उपवास अनवाणी करतायत, तशाच अनवाणी खालपर्यंत धावत आल्या मला सांगायला.

त्याला त्या रविवारचं काहीही आठवत नाही. शनिवारी भजी खाल्ली इथपर्यंत आठवतं. डॉक्टर म्हणाले, तेवढं बहुतेक परत येणार नाही.

सर कॉरिडॉरमध्ये भेटले. “सुटलो बघ! आता अभ्यासाला लागा.” बोट दुरुस्त करायची का, तेही विचारलं.

आता कोणाच्याच तोंडून काही निघणार नाही. मी मोकळी आहे. दोनदा लिहून बघितलं, मोकळी आहे.

२६ सप्टेंबर

भुजंग मामा हॉस्टेलच्या बाहेर उभे होते. रेक्टर बाईंनी वर निरोप पाठवला — गावाकडचं कोणी आलंय. वाटलं, आप्पाच. धावत उतरले आणि पायरीवरच थांबले.

धुतलेला शर्ट, हातात टोपी. भांडायला आलेत असं वाटलं. मनात उत्तरं तयार होती. रेंज नव्हती मामा. वारा होता मामा.

“हरीबाबा उठला म्हनं. लई झ्याक झालं. म्या बघाया गेल्तो, पर आत सोडंनात.” मग टोपी या हातातून त्या हातात. “ताई, येक इचारू का? रागाला येऊ नगा.”

“विचारा.”

“आवाज खरंच तुटत हुता का वो?”

मी रस्त्याकडे बघितलं.

“न्हाई म्हंजे, तुमी शिकल्याल्या, तुमी खोटं कशाला सांगताल. पर मला आपलं वाटलं, तुमी ‘बरं मामा’ म्हनलात. म्हून तर म्या तुमच्याकडं आलो न्हाई. पल्याडच्या काठाला बाया धुनं धूत हुत्या, त्येन्ला हाकलाया पळालो. धा-बारा बाया, येक तर गरवार. त्या वर निघाल्या.” टोपी पुन्हा त्या हातातून या हातात. “घरची म्हनती, तुमीच मनानं आईकलं आसंल. आता मला बी तसंच वाटून राहिलं. रोज आठवून बघतो. कवा आईकू येतंय, कवा न्हाई. डोस्कं फिरलंय का काय माझं? तेवढं सांगा. कामाचं ऱ्हाऊ द्या. म्या कुनाला काय म्हननार न्हाई.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं तेव्हा संशय नव्हता. खरंच विचारत होते. यंत्र बिघडलंय का, हे मेकॅनिकला विचारावं तसं.

मी म्हटलं, “मामा, उशीर झालाय. घरी जा.”

“हाव,” म्हणाले. टोपी घातली आणि गेले. गेल्यावर मी तिथेच पायरीवर बसले. रेक्टर बाईंनी विचारलं, कोण होते गं?

पोलीस, नोकरी, आप्पा — त्या सगळ्या भीती अजून आहेत, एकही कमी झालेली नाही. पण ही वेगळी. एक शहाणा माणूस माझ्या एका वाक्यामुळे स्वतःचे कान खोटे मानायला लागला आहे. अजून महिनाभरानं तो शपथेवर माझंच वाक्य सांगेल.

२७ सप्टेंबर

आवाज तुटत नव्हता.

२८ सप्टेंबर, रविवार

आज दिलेल्या पत्राची प्रत:

प्रति, चौकशी समिती.

१४ तारखेला बॅरेजवरून भुजंग यांचा फोन मला वेळेवर आला आणि स्वच्छ ऐकू आला. त्यांनी दोघांना पाण्याबाहेर काढायला सांगितलं. मी “बरं मामा” म्हणाले. पुढे मी वॉकी-टॉकीवर जे शब्द वापरले, त्यांचा आमच्या टीममधला अर्थ ‘हलू नका’ असा आहे. माझा १६ तारखेचा जबाब खोटा आहे. तो मागे घेते. बोटीवरचं चित्रण आणि लॉग सोबत देत आहे.

भुजंग यांना मी काल त्यांच्या घरी जाऊन हे सांगितलं. आज सकाळी लुंबिनीला, आणि हरिओमच्या कॉटपाशी त्याच्या आईला सांगितलं. साखराबाईंनी मला बाहेर जायला सांगितलं आहे. त्यांना किंवा हरिओमला पुन्हा प्रश्न विचारायला बोलावू नये. मला बोलवावं.

भुजंग यांच्याविरुद्धचा अहवाल मागे घेतल्याचं त्यांच्या कंत्राटदाराला आणि पोलिसांना लेखी कळवावं, आणि त्याची एक प्रत भुजंग यांना द्यावी. त्यांना ती वाचून दाखवायला मी जाणार आहे. म्हणून बुधवार, १ ऑक्टोबरपर्यंत उत्तर द्यावं.