आईचे पाय, सरांचं नाक

सर,

तुम्ही गेलात तेव्हा शाळेत शोकसभा झाली म्हणे, बरेच जण गहिवरून बोलले. मी तिथे असतो तर एकेकाला खाली बसवलं असतं.

इथे आयर्लंडमध्ये, टॅला नावाच्या उपनगरात, लॉकडाउन चालू आहे. शेजारी हॉस्पिटलातली एक फिलिपिनो नर्स राहते. तिने कुंपणावरून मला तिच्याकडच्या चित्रांचं पुस्तक दिलं. दुसऱ्या महायुद्धात मनिला बेचिराख झालं, त्यानंतर तिथल्या चित्रकारांनी रंगवलेल्या आया. पत्र्याच्या खोपटापुढे उकिडवी बसलेली बाई, एक पोर छातीशी, दुसरं पाठीला लोंबकळतंय. हात चेहऱ्यापेक्षा मोठे. पाय फताडे, बोटं फाकलेली, टाचेच्या भेगांत काळा नाही, निळा भरलाय. कुणीही तिला धुऊनपुसून चित्रात बसवलेलं नाही. आणि ही चित्रं म्युझियममध्ये आहेत, सर. म्युझियममध्ये!

चित्रकलेच्या एलिमेंटरी परीक्षेच्या तयारीला तुम्ही स्मरणचित्राचा विषय दिलात, 'माझी आई'. मी वस्तीतल्या गटाराशेजारी भांडी घासणारी आई काढली, बहीण अंगावर पितेय. "अरे, आई काढायला सांगितली, भिकारीण नाही!" वर्ग खदाखदा हसला. मग माझ्याच हातातला ब्रश घेऊन तुम्ही माझ्याच कागदावर तिचं नाक सरळ केलंत, ठसठशीत कुंकू लावलंत, फाटक्या लुगड्याला जरीचा काठ चढवलात. पायांपर्यंत पोचणार तोच घंटा झाली. गॅदरिंगला ते चित्र तुम्ही हॉलमध्ये लावलंत. आई कामावरून तशीच आली. चित्रापुढे उभी राहून मला विचारते, "कोण रे ही बाई? चांगल्या घरची दिसते." तुम्ही शेजारीच होतात, खुशीत. "अहो ताई, तुम्हीच की!" तिची नजर खाली सरकली. पाय तिने ओळखले, आणि स्वतःचे पाय हळूच लुगड्याखाली ओढून घेतले. पुन्हा ती कधी शाळेत आली नाही.

त्यानंतर मी कुणाकडे शिकलो नाही. जे येतं ते माझं मी मिळवलंय, दिवसभर कंपनीत हार्टमध्ये बसवायचे व्हॉल्व्ह तपासून उरलेल्या वेळात. येत्या रविवारी इथल्या मराठी मंडळींसमोर झूमवर मनिलाच्या या आया दाखवणार आहे, आणि तुमच्या त्या चित्राची गोष्टही सांगणार आहे, तुमच्या नावानिशी. तुमचे दोन विद्यार्थी ऐकायला असणार आहेत. मुद्दाम बोलावलेत.

माझीही आई पुन्हा काढतोय, मोठ्या कॅनव्हासवर. पाय पहिल्याच दिवशी आले, निळ्या भेगांसकट. हातही आले. काल शेजारीण पुस्तक न्यायला आली, मास्क लावून बागेतच थांबली. मी खिडकीतून कॅनव्हास दाखवला. "पाय अगदी ग्रँड," ती म्हणाली, "माझी आजी अशीच बसायची. पण तोंड कधी काढणार?" म्हटलं, रंग वाळू दे.

रंग केव्हाच वाळलाय. त्या काळातला आईचा एकही फोटो नाही. डोळे मिटले की तुम्ही सरळ केलेलं ते नाक येतं, सर. काढतो, सुरीने खरवडतो, पुन्हा तेच उमटतं. हे पत्र कुठे धाडायचं नाही म्हणून सांगतो, काल रात्री खरवडलं नाही. दुसरा चेहराच नाही माझ्याकडे.